वाळूतून झिरपणारं पाणी मोजणारा इंजिनिअर : हेन्री दार्सी यांची गोष्ट

शेततळं भरलं की त्यातलं पाणी दोघं जण पितात. एक ऊन आणि दुसरी जमीन. ऊन किती पितं याचा अंदाज सगळ्यांना येतो. जमीन किती पिते ते मात्र दिसत नाही. पावसाळ्यात काठोकाठ भरलेलं तळं दिवाळीपर्यंत तळाला जातं आणि मग मातीला, ठेकेदाराला नाहीतर नशिबाला दोष दिला जातो.

माती, वाळू, खडक किंवा काँक्रीट यातून पाणी किती झिरपेल, हे आज प्रयोगशाळेत मोजून सांगता येतं. ज्या नियमावर ही मोजणी उभी आहे, तो १८५६ साली एका फ्रेंच इंजिनिअरनं छापला. त्यांचं नाव हेन्री दार्सी. धरण बांधणारे, बोअरचा अभ्यास करणारे आणि तेलाच्या विहिरी खोदणारे, सगळे आजही त्यांचंच सूत्र वापरतात. इंजिनिअरिंगच्या पोरांना हे नाव पुस्तकातून ठाऊक असतं. पण एका तहानलेल्या शहराला फुकट पाणी देणारा माणूस म्हणून दार्सी फारसे कुणाला माहीत नाहीत.

आईनं कर्ज काढून शिकवलं

हेन्री दार्सी यांचा जन्म १० जून १८०३ रोजी फ्रान्सच्या बरगंडी भागातल्या दिजाँ या शहरात झाला. वडील करवसुली खात्यात नोकरीला होते. हेन्री चौदा वर्षांचा असताना ते वारले. घरात आई आणि दोन मुलं उरली. कमावतं माणूस गेल्यावर पोराला कुठंतरी चिकटवून द्यायचं, ही रीत तिकडंही होतीच. पण आईनं कर्ज काढलं, शिकवणी लावली आणि पोराचं शिक्षण चालू ठेवलं.

१८२१ साली हेन्रीला पॅरिसच्या इकोल पॉलिटेक्निकमध्ये प्रवेश मिळाला. दोन वर्षांनी तो पूल आणि रस्त्यांचे सरकारी इंजिनिअर घडवणाऱ्या संस्थेत गेला. १८२६ साली शिक्षण संपलं, सरकारी नोकरी लागली आणि थोड्याच दिवसांत दार्सी आपल्याच गावी, दिजाँला, रुजू झाले. १८२८ साली त्यांनी हेन्रिएट कॅरी यांच्याशी लग्न केलं. हेन्रिएट गर्न्सी बेटावर जन्मलेल्या, इंग्रज कुटुंबातल्या. त्यांना मूलबाळ झालं नाही.

पाणी होतं, पण पिण्यालायक नव्हतं

त्या काळी दिजाँची वस्ती पंचवीस-तीस हजारांच्या घरात होती. पाण्याची अवस्था मात्र वाईट. लोक उथळ विहिरींवर अवलंबून होते आणि त्या विहिरींत शहराचीच घाण झिरपायची. शहरातून वाहणाऱ्या सुझाँ नावाच्या ओढ्याचा उघडा नाला झाला होता. पाऊस पडला की ओढ्याला पूर यायचा आणि उन्हाळ्यात नुसता वास मारायचा.

यावर उपाय काढायचे प्रयत्न बरेच झाले. १८३० च्या सुमारास शहरातल्या एका चौकात खोल बोअर मारायचं ठरलं. जमिनीखालचं दाबातलं पाणी आपोआप वर येईल आणि सगळी ददात मिटेल, अशी आशा होती. सुमारे दीडशे मीटरपर्यंत खोदाई झाली. पाणी लागलं, पण शहराला पुरेल इतकं नव्हतं. पैसा गेला, वेळ गेला आणि दिजाँ तहानलेलंच राहिलं.

आपल्याकडं ज्यानं दोन-तीन बोअर कोरडे गेलेले पाहिलेत, त्याला हे दुःख वेगळं सांगायला नको.

आधी मोजलं, मग खोदलं

दार्सी यांनी दुसरी वाट धरली. शहराबाहेर रोझ्वार नावाचा एक मोठा झरा होता. तो शहरापेक्षा उंचावर होता, म्हणजे पाणी उताराने आणता येणार होतं आणि पंप लावायची गरज नव्हती. दार्सींनी झऱ्याचं पाणी किती येतं ते मोजलं, वाटेचे चढउतार मोजले, खर्च काढला आणि १८३४ साली सविस्तर आराखडा शहराच्या कारभाऱ्यांपुढं ठेवला.

मंजुरीला वर्षं गेली. जमीन, पैसा आणि परवानग्या यांचा घोळ तिकडंही होताच. शेवटी मार्च १८३९ मध्ये काम सुरू झालं. जमिनीखालून सुमारे १२.७ किलोमीटरचा झाकलेला दगडी पाट बांधला. ६ सप्टेंबर १८४० रोजी झऱ्याचं पाणी दिजाँत पोचलं. म्हणजे काम दीड वर्षात झालं, आणि तेही यंत्रं फारशी नसलेल्या काळात.

मिनिटाला सुमारे आठ हजार लिटर पाणी शहरात येऊ लागलं. दोन मोठ्या टाक्या बांधल्या गेल्या. पुढच्या काही वर्षांत शहराच्या पोटात सुमारे २८ किलोमीटर पाइप टाकले गेले आणि रस्त्यांवर १४२ सार्वजनिक नळ उभे राहिले. साधारण दर शंभर मीटरला एक नळ. घागर घेऊन बाईमाणसाला लांब जायला नको, हा त्यातला हिशेब. आणि या नळांचं पाणी फुकट होतं. गरिबाच्या पाण्याला शहरानं हात आखडता घेऊ नये, असं दार्सींचं ठाम मत होतं आणि ते त्यांनी पुढं आपल्या पुस्तकातही मांडलं.

घराघरांत पाणी नेण्यात दिजाँ तेव्हा पॅरिसच्याही पुढं होतं.

या कामाची फी दार्सींनी घेतली नाही. शहरानं देऊ केलेली रक्कम मोठी होती, तरी ती त्यांनी नाकारली. शहरानं त्यांना सुवर्णपदक दिलं. स्वतःच्या घरी हयातभर फुकट पाणी, एवढं मात्र त्यांनी स्वीकारलं.

पाण्याबरोबर रेल्वेचंही काम त्यांच्या हातून झालं. पॅरिस ते लियाँ ही रेल्वे दिजाँवरून जावी म्हणून त्यांनी जोर लावला. त्यासाठी डोंगरातून ब्लेझीचा सुमारे चार किलोमीटरचा बोगदा काढावा लागला. रेल्वे दिजाँवरून गेली आणि शहर भरभराटीला आलं.

राजकारणात बदली

१८४८ साली फ्रान्समध्ये क्रांती झाली, राजा गेला आणि नवं सरकार आलं. जुन्या राजवटीतला वजनदार अधिकारी म्हणून दार्सी नव्या लोकांच्या डोळ्यांवर आले. ज्या शहराला त्यांनी पाणी दिलं, तिथूनच त्यांना हलवलं गेलं. बूर्ज या गावी, बेरी कालव्याच्या कामावर त्यांची बदली झाली.

पण कामाचा माणूस फार दिवस कोपऱ्यात राहत नाही. त्याच वर्षी त्यांना पॅरिसला बोलावलं गेलं. राजधानीचं पाणी आणि रस्ते ही दोन्ही खाती त्यांच्याकडं आली. तिथं त्यांनी पाइपातून वाहणाऱ्या पाण्यावर प्रयोगांची मालिकाच चालवली. नवा पाइप, जुना गंजका पाइप, अरुंद, रुंद, असे वेगवेगळे पाइप जोडून दाब किती घटतो ते मोजलं. पाइपाच्या आतल्या खडबडीतपणामुळं दाब कमी होतो, हे त्यातून नीट पुढं आलं. पाइपलाइनचा हिशेब करताना आजही जे सूत्र लावतात, त्याच्या नावात म्हणूनच दार्सी आहेत. वाहत्या पाण्याचा वेग मोजायच्या पिटो नळीतही त्यांनी सुधारणा केली.

या काळात तब्येत ढासळत गेली. शेवटी १८५५ साली, बावन्नाव्या वर्षी, त्यांनी कामातून मोकळं करायची विनंती केली आणि ते दिजाँला परतले. अशा वेळी दुसरा कुणी घरी बसून राहिला असता. दार्सींनी मात्र राहून गेलेले प्रयोग हाती घेतले.

दवाखान्यातला वाळूचा नळकांडा

त्यांच्यापुढं एक साधा वाटणारा प्रश्न होता. दिजाँला झऱ्याचं स्वच्छ पाणी मिळालं, पण बहुतेक शहरांना नदीचं गढूळ पाणी घ्यावं लागतं. ते वाळूच्या थरातून गाळतात. मग शहराला रोज इतकं पाणी हवं असेल तर वाळूचा थर किती जाड आणि हौद किती मोठा लागेल? इंग्लंडमध्ये आणि इतरत्र असे गाळणी हौद चालू होते, पण प्रत्येकाचं माप निराळं. ज्याला जसं जमलं तसं त्यानं बांधलेलं. नियम असा कुणाकडंच नव्हता.

ऑक्टोबर १८५५ च्या अखेरीला दिजाँच्या दवाखान्याच्या आवारात प्रयोग सुरू झाले. इंजिनिअर शार्ल रित्तेर त्यांच्या मदतीला होते. साधनं अशी होती. एक उभा लोखंडी नळकांडा, माणसाच्या डोक्याहून उंच, आतून ३५ सेंटिमीटर रुंद. त्यात तळाशी जाळी आणि जाळीवर सोन नावाच्या नदीची वाळू. वरून दवाखान्याच्या नळाचं पाणी आत सोडायचं. पाणी वाळूतून झिरपून खालच्या तोटीतून एका चौकोनी हौदात पडायचं. ठराविक मिनिटांत हौदात किती पाणी साठलं ते मोजायचं. वाळूच्या वर आणि खाली पाऱ्याच्या नळ्या लावलेल्या होत्या, त्यावरून दोन्हीकडचा दाब कळायचा.

अडचणीही आल्या. दवाखान्यात कुणी दुसरा नळ उघडला की लाइनचा दाब हलायचा आणि पाऱ्याची पातळी वरखाली नाचायची. मग सरासरी काढावी लागायची. एका घरानं मोटर लावली की शेजारच्या नळाची धार बारीक होते, त्यातलाच हा प्रकार.

पहिल्या मालिकेत वाळूचा थर ५८ सेंटिमीटर होता. दाबातला फरक १.११ मीटर पाण्याइतका असताना मिनिटाला ३.६ लिटर पाणी झिरपलं. फरक २.३६ मीटर केल्यावर ७.६५ लिटर झिरपलं. दाब जवळपास दुप्पट झाला तसं पाणीही दुप्पट झालं. दाब वाढवत नेला तरी हे गणित थोड्याफार फरकानं टिकलं. वाळूचा थर जाड केला तर पाणी त्या मानानं कमी झालं. वाळू बदलली तर आकडे बदलले, पण नियम तोच राहिला. फेब्रुवारी १८५६ मध्ये रित्तेर यांनी खालच्या बाजूचाही दाब कमीजास्त करून पुन्हा तपासलं. उत्तर तेच आलं.

नियम साध्या भाषेत

दार्सींच्या नियमात चार गोष्टी येतात.

पहिली, दाब. वर पाणी जितकं उंच, तितकं झिरपणं जास्त.

दुसरी, जाडी. थर जितका जाड, तितकं झिरपणं कमी.

तिसरी, क्षेत्र. जागा दुप्पट तर झिरपणंही दुप्पट.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची : त्या पदार्थाचा स्वतःचा गुण. पाण्याला तो किती सहज वाट देतो, हे सांगणारा एक आकडा. पुस्तकात त्याला पारगम्यता म्हणतात.

पहिल्या तीन गोष्टी टेपनं मोजता येतात. चौथी प्रयोगाशिवाय कळत नाही आणि फसगत होते ती तिथंच. पदार्थापदार्थात हा आकडा थोडाथोडका बदलत नाही, लाखपटीनं बदलतो. दाबाचा उतार एकास एक धरला, म्हणजे थराची जितकी जाडी तितकाच दाबाचा फरक, तर चांगल्या वाळूतून दिवसाकाठी आठ-नऊ मीटर उंचीचं पाणी निघून जाऊ शकतं. नीट दाबलेल्या चिकण मातीतून तेवढ्याच उतारावर अख्ख्या वर्षात तीनेक सेंटिमीटर जाईल. चांगल्या घट्ट काँक्रीटमधून तर त्याच्याही हजाराव्या हिश्श्याइतकं.

एक हिशेब करून पाहू. २० बाय २० मीटर तळ असलेलं एक तळं धरा. पाणी ३ मीटर, तळाला चिकण मातीचा ३० सेंटिमीटरचा थर. माती चांगली असेल आणि ओलावा बघून नीट दाबली असेल तर तळातून दिवसाला साधारण ३८० लिटर पाणी झिरपेल. तीच माती हयगयीनं टाकली, ढेकळं तशीच राहिली आणि पारगम्यता शंभरपट झाली, तर दिवसाला ३८ हजार लिटर. म्हणजे दहा हजारी टँकर जवळजवळ चार, रोज. वरून बघताना मात्र दोन्ही तळी सारखीच दिसतील.

थर ३० चा ६० सेंटिमीटर केला तर गळती जवळपास निम्मी होते. पण माती नीट दाबली तर शंभरावा हिस्सा होते. खर्च कुठं करायचा, हे हा नियम सांगतो.

पुस्तकाच्या शेवटची टिपणी

दार्सींनी हे सगळं १८५६ साली दिजाँच्या पाणीपुरवठ्यावरच्या आपल्या जाडजूड ग्रंथात छापलं. साडेसहाशे पानांच्या आसपासच्या त्या पुस्तकात वाळूच्या प्रयोगाला मिळाली ती शेवटच्या टिपणांपैकी एक टिपणी, अवघ्या काही पानांची. पाट कसा बांधावा, पाइप कसे जोडावे, नळ कसे बसवावे हा पुस्तकाचा मुख्य भाग होता. पण जगानं पुढं लक्षात ठेवली ती ही छोटी टिपणी.

पाइपांवरचे त्यांचे प्रयोग १८५७ साली छापून आले. उघड्या कालव्यांतल्या पाण्याचे प्रयोगही त्यांनी सुरू केले होते, पण ते पुरे करायला आयुष्य उरलं नाही. पॅरिसला गेले असताना त्यांना न्यूमोनिया झाला आणि ३ जानेवारी १८५८ रोजी त्यांचं निधन झालं. वय अवघं ५४. कालव्यांचं काम पुढं त्यांचे सहकारी बाझँ यांनी तडीस नेलं.

दिजाँनं त्यांना आपल्या मातीत आणलं. ज्या ठिकाणी शहराची पाण्याची टाकी होती, त्या चौकाला लगेच दार्सींचं नाव दिलं गेलं. तो चौक आजही त्याच नावानं ओळखला जातो.

तेलापासून काँक्रीटपर्यंत

दार्सी गेल्यावर त्यांच्या नियमाला नवी कामं मिळत गेली. जमिनीखालचं पाणी विहिरीकडं कसं सरकतं याचा हिशेब त्यावर उभा राहिला. विसाव्या शतकात तेल कंपन्यांना प्रश्न पडला की या खडकातून तेल किती सुटेल. त्यांनीही हाच नियम घेतला. फक्त पाण्याऐवजी तेल आणि वायू आले, म्हणून द्रव किती दाट आहे हेही हिशेबात धरावं लागलं. १९३० च्या दशकात खडकाच्या पारगम्यतेच्या एककाला दार्सी हेच नाव दिलं गेलं. जसं वजनाला किलो, तसं खडकातून वाट मिळण्याला दार्सी. घट्ट खडकांसाठी त्याचा हजारावा भाग, मिलिदार्सी, वापरतात.

मोजायच्या पद्धती पदार्थानुसार बदलल्या, पण मुळात प्रयोग तोच आहे. रेताड मातीसाठी वरचं पाणी कायम एकाच पातळीवर ठेवतात आणि खाली किती जमा झालं ते मोजतात. चिकण मातीतून पाणी इतकं हळू येतं की भांडं भरायला दिवसचे दिवस जातील. म्हणून मातीच्या वर बारीक काचेची उभी नळी लावतात आणि नळीतली पातळी किती वेळात किती उतरली ते बघतात. आपल्या देशात मातीच्या या चाचणीसाठी भारतीय मानक २७२० चा भाग १७ आहे.

काँक्रीटला नुसत्या उंचीच्या पाण्यानं काही होत नाही. तिथं ठोकळा बाजूनं बंद करून पाणी मोठ्या दाबानं ढकलतात आणि पलीकडं किती निघतं ते दिवसेंदिवस मोजतात. भारतीय मानक ३०८५ त्यासाठीच आहे. काँक्रीट बनवताना पाणी जास्त ओतलं की जास्तीचं पाणी उडून जातं आणि मागं बारीक वाटा राहतात. त्याच वाटांनी ओल आत शिरते, सळई गंजते आणि स्लॅबचे पोपडे पडतात. स्लॅब टाकताना माल पातळ करा म्हणणाऱ्या गवंड्याला हे ठणकावून सांगायला हरकत नाही.

वायूचं थोडं वेगळं आहे. खडकाच्या नमुन्यातून हवा किंवा नायट्रोजन सोडून पारगम्यता मोजतात, कारण ते सोपं आणि झटपट होतं. पण बारीक छिद्रांत, दाब कमी असताना, वायूचे कण भिंतीवरून घसरत जातात आणि आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो. १९४१ साली क्लिंकनबर्ग यांनी ही चूक कशी दुरुस्त करायची ते दाखवलं.

रबर आणि प्लास्टिकचा मामला आणखी निराळा. सायकलची ट्यूब पंक्चर नसली तरी महिन्याभरात मऊ पडते. तिथं हवा छिद्रातून जात नाही. ती रबरात विरघळते, आतून सरकते आणि पलीकडं बाहेर पडते. १८६६ साली ब्रिटिश शास्त्रज्ञ थॉमस ग्रॅहम यांनी हे उलगडून दाखवलं. तिथं दार्सींचं सूत्र जसंच्या तसं चालत नाही. प्लास्टिकच्या कागदातून वाफ किती जाते हे मोजायला वाटीत पाणी घेऊन तोंडावर कागद घट्ट बसवतात आणि रोज वजन करतात. वजन जितकं घटलं तितकी वाफ गेली.

आपल्या शिवारात

महाराष्ट्राच्या मोठ्या भागाखाली काळा कातळ आहे. अखंड कातळातून पाणी जवळजवळ जात नाही. पण जिथं कातळ झिजून मुरूम झाला आहे किंवा त्याला भेगा आहेत, तिथून ते जातं. म्हणून एकाच शिवारात एका विहिरीला पाणी असतं आणि शेजारची कोरडी राहते.

मातीच्या धरणात मधोमध काळ्या चिकण मातीचं हार्टिंग आणि दोन्ही बाजूंना मुरमाचं केसिंग घालतात. हार्टिंगचं काम पाणी अडवायचं, केसिंगचं काम त्याला आधार द्यायचं आणि झिरपलेलं पाणी सुरक्षित बाहेर सोडायचं. कुठली माती कुठं घालायची हे पारगम्यतेच्या चाचणीवरून ठरतं. पाझर तलावाचं नेमकं उलट. १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर गावोगावी पाझर तलाव झाले. त्यांचं काम पाणी जमिनीत सोडायचं. तळ झिरपणारा हवा. तळाला जाड काळी माती असेल किंवा गाळ साचला असेल, तर पाणी खाली उतरण्याऐवजी उन्हातच उडून जातं आणि खालच्या विहिरींना काही मिळत नाही. म्हणजे एकच आकडा शेततळ्यात नको असतो आणि पाझर तलावात हवा असतो.

साधी तपासणी शेतकऱ्यालाही करता येते. तळ्यात आत येणारं आणि बाहेर उपसलं जाणारं पाणी बंद असताना एका काठीवर खुणा करून आठवडाभर रोज एकाच वेळी पातळी टिपायची. जवळच उन्हात पसरट भांड्यात पाणी ठेवून त्याचीही घट टिपायची. भांड्यातली घट उन्हाची. भांडं लवकर तापतं म्हणून ती तळ्यापेक्षा थोडी जास्तच येते. तळ्यातली घट त्याहून बरीच जास्त असेल, तर तो फरक जमीन पिते. खोदण्याआधीही, तळाच्या खोलीपर्यंत खड्डा घेऊन, तो आधी भिजवून, मग भरून पातळी किती वेगानं उतरते ते बघता येतं. हा नुसता अंदाज झाला. मोठं काम असेल तर मातीचा नमुना प्रयोगशाळेत द्यावाच लागतो.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायला हवी. दार्सींचा नियम संथ झिरपण्याचा आहे. मोठ्या भेगेतून, उंदराच्या बिळातून किंवा फाटलेल्या कागदातून पाणी धो धो जात असेल, तर तिथं हा हिशेब लागू होत नाही. आधी भोक शोधून बुजवायचं, मग मातीचं बघायचं.

दार्सींच्या आधीही लोक हौद बांधत होते, बोअर मारत होते आणि पैसा घालवत होते. दिजाँच्या चौकातला तो दीडशे मीटरचा बोअर आशेवर खोदला गेला होता. रोझ्वारचा पाट मोजणीवर बांधला गेला आणि त्यानं शहराची तहान भागवली. तळ्यावर किंवा धरणावर पैसा घालण्याआधी मातीची चाचणी झाली का, हा प्रश्न ग्रामसभेत विचारायला काही खर्च येत नाही.